कळस चढला, पण उंबरठा कुठे हलला?

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या राममंदिरात मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली. त्याच्या आधी आणि नंतर कित्येक दिवस सगळ्या दूरचित्रवाहिन्यांवर एकच पालुपद चालू होते. मंदिरात लोखंडाचा तुकडाही वापरलेला नाही, ते हजार वर्षे टिकेल, प्राचीन भारतीय वास्तुशास्त्र पुन्हा जिवंत झाले! निवेदकांना धाप लागेपर्यंत हे सांगितले गेले. परंतु प्राचीन म्हणजे नेमके कोणते, ते कुणी बांधले, कुणाकडून घेतले आणि त्यातले आज काय उरले आहे, असा साधा प्रश्न त्या गलक्यात कुणी विचारला नाही. आम्ही तो विचारणार आहोत. जुन्या आणि नव्या मंदिरांची तुलना करायचीच असेल तर ती नीट पायापासून केली पाहिजे. नुसता कळस पाहून भागणार नाही.

प्रथम पायाचेच बोलू. अयोध्येच्या मंदिराची लांबी ३८० फूट, रुंदी २५० फूट आणि उंची १६१ फूट आहे. खांब ३९२, दरवाजे ४४. दगड राजस्थानातल्या बन्सी पहाडपूरचा, गुलाबी. या दगडात लोखंड नाही हे खरेच आहे. परंतु हा सगळा डोलारा ज्याच्यावर उभा आहे तो थर सुमारे १४ मीटर जाडीचा असून रोलरने दाबलेल्या काँक्रीटचा आहे. त्यावर २१ फूट उंचीचा ग्रॅनाइटचा चौथरा आहे. मोठ्या कंपनीचे अभियंते, मातीच्या चाचण्या, संगणकावरची गणिते हे सर्व त्यामागे आहे. यात लाजण्यासारखे काहीच नाही. नदीकाठची भुसभुशीत जमीन असेल तर विज्ञानाचाच आधार घ्यावा लागतो. मात्र विज्ञानाच्या खांद्यावर उभे राहायचे आणि श्रेय तेवढे पुराणाला द्यायचे, ही जुनी खोड आहे.

आता लोखंडाचे. प्राचीन कारागिरांनी लोखंड निषिद्ध मानले होते काय? तेराव्या शतकात नरसिंहदेव पहिला याने बांधविलेल्या कोणार्कच्या सूर्यमंदिरात लोखंडाच्या लांबलचक तुळया वापरल्या होत्या. त्या आजही तेथे पाहायला मिळतात. म्हणजे त्या काळच्या कारागिराला जे उत्तम मिळाले ते त्याने वापरले. लोखंड मिळाले तेव्हा लोखंड, विटा मिळाल्या तेव्हा विटा. उत्तर प्रदेशातील भीतरगावचे पाचव्या शतकातले मंदिर विटांचे आहे. आपल्याकडे काळा बसाल्ट होता, म्हणून ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो ते काम बसाल्टमध्ये झाले. चुना न घालता, दगडाला खाचा पाडून, एकात एक अडकवून. कुणा एका हेमाद्री पंडिताच्या नावावर ही सगळी बांधणी जमा झाली, पण अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे आहे. देवगिरीच्या यादवांचा तो प्रधान तेव्हा जन्मालाही यायचा होता, त्याला अजून दोनशे वर्षे अवकाश होता. काम पाथरवटाचे आणि नाव पंडिताचे!

दगडाच्या तुळईला एक मर्यादा असते. ती लांब टाकली की मधोमध तडकते. म्हणून जुन्या मंदिरात खांब जवळजवळ असतात, मंडप खांबांनी भरलेला असतो आणि गाभारा लहान, अंधारा असतो. छत करायचे तर दगडाचा एकेक थर थोडा थोडा पुढे सरकवीत वर आणायचा आणि शेवटी एका शिळेने तोंड बंद करायचे. वरचे सगळे वजन सरळ खाली उतरते. म्हणून भिंती जाड, म्हणून शिखर घट्ट आणि भरीव. भाविकांना जे गूढ वाटते त्यातले पुष्कळसे गणित आहे. या गणितात ज्यांनी कमाल केली त्यांच्यापुढे आम्हीही मान तुकवतो. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर चोळराजा राजराज पहिला याने १०१० साली पूर्ण केले. त्याचे विमान साठ मीटरांहून उंच आहे, म्हणजे अयोध्येच्या २०२४ च्या शिखरापेक्षा उंच. क्रेन नाही, वीज नाही, संगणक नाही. वेरूळचे कैलास तर बांधलेलेच नाही. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणला आणि लाखो टन खडक बाहेर काढून सुमारे तीस मीटर उंचीचे मंदिर मोकळे केले. वरून खाली कोरताना चूक दुरुस्त करता येत नाही. एक घाव चुकला की चुकला.

परंतु कैलासाच्या अंगणात उभे राहून जे छाती फुगवतात त्यांनी चार पावले चालून त्याच डोंगरातल्या दहा क्रमांकाच्या लेण्यात जावे. ते बौद्ध चैत्यगृह आहे. लोक त्याला विश्वकर्मा किंवा सुताराचे झोपडे म्हणतात. छताकडे पाहिले की दगडात कोरलेल्या बरगड्या दिसतात, जणू लाकडी वासे. वास्तविक त्या बरगड्या कसलेही वजन पेलत नाहीत. लाकडी चैत्यगृहांची सवय हातात होती, ती दगडात उतरली. कार्ल्याचे चैत्यगृह त्याहून सहा-सातशे वर्षे जुने आहे. त्याच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेच्या आकाराचे जे भव्य गवाक्ष आहे, तेच पुढे लहान लहान होत हिंदू मंदिरांच्या शिखरांवर जाऊन बसले. उत्तरेकडील नागर शिखरांवर जाळीसारखी जी नक्षी दिसते ती या चैत्यगवाक्षांचीच गुंफण आहे. कलेच्या इतिहासाच्या कोणत्याही चांगल्या ग्रंथात हे सापडेल. ऐहोळचे दुर्ग मंदिर मागच्या बाजूला अर्धगोल आहे, अगदी चैत्यगृहाच्या आराखड्यासारखे. आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील त्रिविक्रम मंदिर? विटांचे, मागे गोलाई असलेले ते मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावे, असे हेन्री कझिन्स यांनी ब्रिटिश काळातच मांडले. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिराबद्दलही अभ्यासक हेच सांगतात. तेरला आमचे किती वाचक गेले आहेत? पंढरपूर-तुळजापूरच्या वाटेवर थोडी वाकडी वाट करावी आणि ते छप्पर डोळ्यांनी पाहावे.

हे आम्ही कुणाला खिजवण्यासाठी सांगत नाही. कला अशीच चालते, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते. गोव्यातील मंदिरांना घुमट आहेत, कमानी आहेत, चर्चच्या दर्शनी भागात असतात तसे अर्धखांब आहेत. कवळ्याची शांतादुर्गा किंवा मंगेशी पाहताना समोरचा कारागीर चर्चही बांधत होता हे लपत नाही. मराठेशाहीतल्या मंदिरांवर सुलतानी घुमटांची आणि महिरपींची छाप आहे. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात देशभर जी मंदिरे बांधली वा सावरली, ती त्या काळच्या हातांनी, त्या काळच्या रीतीने. त्यांना आपण अकराव्या शतकातले आहोत असे भासवायची गरज वाटली नाही.

आजच्या मंदिरांचा रोग नेमका येथे आहे. स्वातंत्र्यानंतर सोमनाथचे मंदिर नव्याने उभे राहिले, ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत तेथे प्रतिष्ठापना झाली. त्याचे स्थपती प्रभाशंकर सोमपुरा. अयोध्येचे स्थपती चंद्रकांत सोमपुरा हे त्यांचे नातू. या घराण्याच्या कौशल्याबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु गुजरात-राजस्थानातली एक सुंदर प्रादेशिक शैली बघता बघता अखिल हिंदू शैली होऊन बसली आहे. दिल्लीचे २००५ सालचे अक्षरधाम पाहा, लंडनच्या नीसडन भागातले १९९५ चे मंदिर पाहा, अमेरिकेत न्यू जर्सीत २०२३ साली खुले झालेले पाहा. तीच तोरणे, तेच नक्षीचे खांब, तीच शिखरांची रास. नीसडनसाठी बल्गेरियाचा चुनखडक आणि इटलीचा संगमरवर जहाजाने भारतात आणला, येथे कोरला, २६ हजारांहून अधिक तुकड्यांना क्रमांक घातले आणि पुन्हा जहाजाने लंडनला नेऊन जोडले. जुना कारागीर जेथे दगड तेथे देऊळ करीत होता. आता देऊळ खोक्यांत भरून समुद्रापार जाते.

आणि आपल्या गावातले काय? तेथे तर तेही नाही. आमदार निधीतून सिमेंटचा मंडप, वर पत्रा, समोर टाइल्स, कळसाला ऑइलपेंट. जुने बसाल्टचे देऊळ असेल तर त्याच्यावर भगवा रंग चोपडायचा, गाभाऱ्यात बाथरूमला लावतात तसल्या फरशा बसवायच्या. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातही हेच झाले होते. २०२४ साली काही महिने चरणस्पर्श दर्शन बंद ठेवून तेथील ग्रॅनाइट, फरशा काढल्या, तेव्हा कुठे मूळ दगड पुन्हा दिसला. ज्यांना प्राचीनतेचा एवढा पुळका त्यांनीच प्राचीन दगड झाकले आणि सरकारी तिजोरीतून ते पुन्हा उघडे करावे लागले.

काँक्रीटचा स्लॅब पन्नास-शंभर वर्षांत थकतो, आतली सळई गंजते. ते चालेल. देवळाने हजार वर्षे टिकलेच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. आमचा सवाल वेगळा आहे. काँक्रीटने, पोलादाने, नव्या यंत्रांनी जुन्या दगडाची मर्यादा तर मोडली. पन्नास फूट रुंद दालन खांबाशिवाय झाकता येते. मग नव्या मंदिराचा आराखडा जुनाच का? गाभारा तसाच, त्याचा उंबरठा तसाच, आतला माणूस तसाच आणि बाहेरची रांग तशीच. फरक एवढाच की रांगेला आता स्टीलचे कठडे आले आणि पैसे भरणाऱ्याला वेगळे दार मिळाले.

वास्तूचा आराखडा निरागस नसतो. मयमत, बृहत्संहिता यांसारख्या जुन्या ग्रंथांत जमिनीलासुद्धा वर्ण दिलेले आहेत. पांढरी माती ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला आणि काळी शूद्राला. जेथे मातीला जात आहे तेथे माणसाला कोण सोडणार? मंदिराचा आराखडा म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारी शुद्धता. कोट, प्राकार, मंडप, अंतराळ, गाभारा. कुणी कुठवर यायचे हे दगडात ठरलेले. तंजावरच्या ज्या भिंतींचे गोडवे आम्ही वर गायिले, त्याच भिंतींवर राजराजाचे शिलालेख आहेत. मंदिराला कोणत्या गावांचा महसूल लावून दिला, त्यातून कोणती जमीन वगळली, याची तपशीलवार यादी आहे. वगळलेल्या जागांत तळी आहेत, कालवे आहेत, मसणवटे आहेत आणि 'परैच्चेरी' आहे, म्हणजे परैयरांची वेगळी वस्ती. हजार वर्षांपूर्वीचा महारवाडाच म्हणा ना. त्याच भिंतींवर मंदिराच्या सेवेत आणलेल्या चारशे देवदासींची नावे आणि त्यांच्या घरांचे क्रमही कोरलेले आहेत. वास्तूचे कौतुक करणारे विमानाची उंची मोजतात, भिंत वाचत नाहीत.

पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. संत म्हणून थोरवी मान्य, जागा मात्र बाहेर. ही रचना पाहायला वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. त्याच मंदिरासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. आणि नाशिकचे काळाराम मंदिर! काळ्या दगडाचे, पेशवाईतले, भोवती कोट, कोटाला चार दिशांना दरवाजे. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी याच चार दरवाजांवर बसली. वास्तुकलेची पुस्तके त्या कोटाची लांबी-रुंदी देतात. पण तो कोट कशासाठी होता हे त्या दरवाजांवर बसलेल्या आमच्या बायाबापड्यांना जितके कळले तितके कुठल्या स्थपतीला कळले नसेल. ऊन, दगडफेक, लाठ्या सोसून पाच वर्षे ते चालले आणि दरवाजे उघडले नाहीत. अखेर बाबासाहेबांनी समाजाला त्या दारापासून दूर नेले.

न्यायाने बोलायचे तर नवी मंदिरे एका बाबतीत जुन्यांपेक्षा बरी आहेत. दिल्लीचे बिर्ला मंदिर १९३९ साली गांधीजींच्या हस्ते खुले झाले ते सर्व जातींना प्रवेश देण्याच्या अटीवर. पुढे संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि २५ व्या कलमाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू मंदिरांची दारे सर्वांना उघडण्याचा अधिकार राज्याला दिला. आज नव्या मंदिराच्या फाटकावर कुणी जात विचारत नाही. पण ही कायद्याने दिलेली देणगी आहे, शिल्पशास्त्राची नव्हे. आणि फाटकातून मंडपापर्यंत आलेला माणूस गाभाऱ्याशी येऊन थांबतोच. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने संपले, तामिळनाडू सरकारने २०२१ साली सर्व जातींतले प्रशिक्षित पुजारी नेमले. हे अपवाद बातमी होतात, यातच काय ते आले.

आराखडा बदलता येत नाही असे मात्र नाही. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याच्या आत कुणीच जात नाही, सगळे बाहेरून प्रदक्षिणा घालतात. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप, जो १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला, तो १२० फूट व्यासाचा आणि आतून पोकळ आहे. बाहेरचे रूप सांचीचे, पण आत हजारो माणसे एका छताखाली, एका पातळीवर बसतात. परंपरेचा आकार ठेवला आणि लोकांच्या गरजेसाठी तिचे पोट रिकामे केले. (तेथेही २०२४ साली भूमिगत पार्किंगचा खड्डा खणायला घेतला आणि लोकांनी रस्त्यावर उतरून तो थांबवला. पार्किंगचा सोस सगळीकडे सारखाच.) गोराईच्या विपश्यना पॅगोडात तर खांब नसलेल्या दगडी घुमटाखाली आठ हजार माणसे बसू शकतात. दगडात दगड अडकवण्याची जुनीच विद्या तेथे वापरली आहे.

प्राचीन वास्तू सूर्याला कशी राबवून घेत होती तेही पाहा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात वर्षातून दोनदा मावळतीचे किरण महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात. त्याला ना आरसा ना भिंग. फक्त दरवाजाची दिशा आणि मोकळा मार्ग. आता त्या मार्गात इमारती आल्या, की किरणे अडतात. अयोध्येत १७ एप्रिल २०२४ रोजी रामनवमीला मूर्तीच्या कपाळी जो सूर्यतिलक झाला तो रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बसवलेल्या आरशांनी आणि भिंगांनी. टाळ्या मात्र चमत्काराला पडल्या.

या सगळ्यापेक्षा आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो हात, दगड फोडणारा. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दरवाजाचा खर्च केल्याचा लेख आहे आणि तो दरवाजा करणारा वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार होता, हेही तेथेच कोरून ठेवले आहे. दोन हजार वर्षे त्या सुताराचे नाव टिकले. तंजावरच्या शिलालेखातही राजराज पेरुंतच्चन या महासुताराचे नाव आहे. आजच्या मंदिरांवर कुणाची नावे असतात? फरशीफरशीवर देणगीदार, कोनशिलेवर मंत्री.

दगड कोरणारे आज कोठे आहेत? राजस्थानात सिरोही जिल्ह्यात पिंडवाडा नावाचे गाव आहे. दिल्लीच्या अक्षरधामचे आणि अयोध्येच्या मंदिराचे कितीतरी दगड तेथल्या कारखान्यांत कोरले गेले. कोरणारे बहुसंख्य आदिवासी आणि दलित. जुन्या काळी छिन्नी-हातोडीने काम चाले, ढलप्या उडत, धूळ कमी. तेव्हाही दगडाची धूळ कुणाला सोडत नव्हती, पण आता विजेचा कटर आणि ग्राइंडर आला. नक्षी दसपट वेगाने होते आणि वाळूच्या दगडाची मैद्यासारखी बारीक धूळ थेट फुप्फुसात जाते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. फुप्फुस आतून निबर होते, माणूस दम लागून झिजतो. पुष्कळदा क्षय समजून भलतेच औषध दिले जाते, कारण सिलिकोसिसला औषधच नाही. ऐन तारुण्यात कर्ते पुरुष गेले आणि त्याच घरातला पोरगा त्याच कारखान्यात उभा राहिला, अशी घरे तेथे आहेत. राजस्थान सरकारने २०१९ साली यासाठी धोरण केले. रोग प्रमाणित झाला की ३ लाख रुपये, मरण आले की कुटुंबाला २ लाख.

न्यू जर्सीच्या मंदिराचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. मे २०२१ मध्ये तेथे अमेरिकेच्या तपास यंत्रणेचे अधिकारी पोहोचले आणि भारतातून धार्मिक व्हिसावर नेलेल्या कारागिरांच्या वतीने न्यायालयात दावा दाखल झाला. तासाला सुमारे १ डॉलर २० सेंट मोबदला पडत होता, पासपोर्ट काढून घेतले होते, कामगारांत दलित मोठ्या संख्येने होते, असे दाव्यात म्हटले होते. त्या राज्यात तेव्हा किमान वेतन तासाला १२ डॉलर होते. मंदिराच्या संस्थेने हे आरोप फेटाळले. २०२३ मध्ये काही फिर्यादींनी माघार घेतली आणि २०२५ साली सरकारी यंत्रणेने खटला न भरता आपला तपास बंद केला. कायद्याच्या दृष्टीने जे झाले ते झाले. पण भक्ताची सेवा आणि पोटासाठी राजस्थानातून नेलेल्या पाथरवटाची मजुरी या दोन गोष्टी एका शब्दात मिसळता येतात काय, याचे उत्तर तपास बंद झाल्याने मिळालेले नाही.

महाराष्ट्रात वडार, पाथरवट, बेलदार या समाजांनी शतकानुशतके दगड फोडला. या राज्यात मंदिरांच्या जीर्णोद्धारासाठी कोट्यवधींचे आराखडे मंजूर होत असतात. त्या प्रत्येक कामाच्या निविदेत तीन ओळी वाढवाव्यात. दगड ओला करूनच कापावा, धूळ ओढून घेणारे यंत्र ठेकेदाराने बसवावे आणि प्रत्येक कारागिराच्या छातीची तपासणी वर्षातून एकदा ट्रस्टच्या खर्चाने व्हावी. ज्या संस्था राजस्थानातून तयार नक्षीकाम मागवतात त्यांनी ते कोणत्या कारखान्यातून आले आणि तेथे किती जणांना सिलिकोसिस झाला, हे मंदिराच्या हिशेबपत्रकात छापावे. देणगीदारांच्या याद्यांना भिंतीवर जागा आहे, तर कारागिरांच्या यादीला एक शिळा निघेलच.